गृह आधार बंद झाला, दयानंद सुरू नाही. मधल्या महिन्यांचं काय?

म्हादईकाठ
नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून लिहितोय. आमच्या वाड्यावर शेजारी एक वहिनी राहतात, त्यांचे मिस्टर म्हणजे आमचा दादा यंदा शिगम्याच्या आठ दिवस आधी गेला. हार्ट. त्याचा स्वतःचा ट्रक होता, खाणीवर चालायचा, २०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हा बँकेचे हप्ते थकले, मग कुठे जरा सुरू झालं तोवर २०१८ ला परत बंद, शेवटी ट्रक विकला आणि दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर म्हणून जायला लागला. मागे मुलगी वीस वर्षांची, कॉलेजला, आणि मुलगा सतराचा, बारावीला.

वहिनींना गृह आधारचे, म्हणजे गोवा सरकारच्या गृहिणींसाठीच्या मदतीचे, महिना १५०० यायचे. दादा गेल्यावर कोणीतरी सांगितलं की नवरा नाही म्हणजे आता गृह आधार नाही, दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत (सरकारची म्हातारे, विधवा वगैरेंची पेन्शन) विधवा म्हणून अर्ज करायचा, आणि हल्लीच्या नियमानं धाकटं मूल २१ च्या आत असेल तर दयानंदचे २५०० आणि गृह आधारचे १५०० मिळून एकाच ठिकाणाहून ४००० येतात. ऐकायला चांगलंच आहे. वहिनी सरळ बाई, बाराव्याचं आटपल्यावर स्वतःहून जाऊन मृत्यूचा दाखला देऊन आल्या. पुढच्याच महिन्यापासून १५०० बंद. आणि ४००० चा अर्ज दोनदा परत आला, पहिल्यांदा रहिवासी दाखला जुना म्हणून, दुसऱ्यांदा नाव जुळत नाही म्हणून.

नावाचा घोळ असा. माहेरचं नाव शेवंती, सासरी बदलून सुनीता ठेवलं (दोन्ही नावं मी इथे बदललीत). लग्नाच्या सरकारी नोंदीत अर्थात शेवंती. आधार, रेशन कार्ड, बँक सगळीकडे सुनीता. म्हणजे सरकारच्या हिशेबानं दादाची बायको शेवंती आणि अर्ज करणारी सुनीता कोण ही दुसरीच बाई.

पाच महिने झाले, गणपतीची चवथ तोंडावर आलीय, गणपतीवर बांधायच्या फळांच्या माटोळीचं सामान सोडाच, मुलीची फी भरायची आहे. जे होतं ते ताबडतोब काढून घेतलं आणि जे मिळायचं ते कागदात अडकलं. कोणाला अनुभव आहे का? आणि मधल्या महिन्यांचे पैसे मिळतात की ते गेले ते गेले?

तांबडी_भाजी
बाब, पहिला प्रश्न, दुसरी सही झालीय ना? हसू नका, आमच्या डिचोलीत ऑनलाइन फॉर्म भरायचं माझं छोटं सेंटर आहे, त्यामुळे रोज बघते. आपल्याकडे लग्न रजिस्टर करताना दोनदा सही असते, पहिली सही करून देवळात लग्न लागलं की लोकांना वाटतं झालं, दुसरी राहूनच जाते आणि वीस वर्षांनी नवरा गेल्यावर कळतं की कागदावर लग्नच नाही. ती केस असेल तर वेगळा रस्ता आहे आणि लांबचा आहे. दुसरी सही झालेली असेल तर तुमचं काम "वन अँड द सेम" वर भागायला पाहिजे.

म्हादईकाठ
दुसरी सही झालीय, नोंदीची नक्कल आहे वहिनींकडे. वन अँड द सेम म्हणजे ते अफिडेव्हिटच ना?

तांबडी_भाजी
हो तेच. शेवंती अमक्याची मुलगी आणि सुनीता तमक्याची बायको या दोन्ही एकच व्यक्ती, असं स्टँप पेपरवर लिहून नोटरी. पण एक सांगते, नुसतं तेवढं लिहू नका. जेवढ्या कागदांवर जेवढी नावं आहेत तेवढी सगळी त्यात घाला, जन्मदाखला, शाळेचा दाखला, लग्नाची नोंद, आधार, पासबुक, आणि मुलांच्या जन्मदाखल्यावर आई म्हणून काय लिहिलंय तेसुद्धा. माझ्याकडे एक बाई आली होती तिच्या मुलाच्या दाखल्यावर आईचं तिसरंच नाव निघालं, हॉस्पिटलात सासूनं तिचं लाडाचं नाव सांगितलेलं! परत नवीन अफिडेव्हिट, परत नोटरीचे पैसे. स्पेलिंगसुद्धा बघा, एका कागदावर शेवटी डबल ए आणि दुसऱ्यावर सिंगल असलं तरी काही ठिकाणी परत पाठवतात.

मोपापलीकडे
मला एक कळत नाही, १५०० साठी एवढं रडगाणं? आमच्या गावात दोनमजली घर, दारात दोन गाड्या, नवरा बोटीवर आणि बाईचा गृह आधार चालू. सरकारनं तपासणी सुरू केली की लगेच गरिबांच्या पोटावर पाय. तपासायला नको का? टॅक्स आम्ही भरायचा.

म्हादईकाठ
तपासा की, कोण नको म्हणतं. गृह आधारला नवरा-बायकोचं मिळून वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत पाहिजे असं २०१२ मध्ये योजना आली तेव्हापासूनच आहे. त्या बोटीवाल्याला पकडा. पण तुमच्या गावातल्या त्या बाईचे पैसे अजून चालू आहेत आणि स्वतःहून दाखला नेऊन देणाऱ्या आमच्या वहिनींचे बंद झाले, ही कसली तपासणी ते तुम्हीच सांगा.

निवृत्त_कारकून
मी सरकारी नोकरीत टेबलाच्या त्या बाजूला तीसेक वर्षं काढली, हे खातं नव्हे पण जात तीच. म्हणून दोन गोष्टी लिहितो, राग मानू नका.

टेबलावरचा माणूस वाईट नसतो, घाबरलेला असतो. ज्याला द्यायला नको त्याला चुकून दिलं तर ऑडिटमध्ये निघतं, मेमो येतो, रिकव्हरी निघते, पेन्शनच्या वेळेला ती फाईल वर येते. पण ज्याला द्यायला हवं त्याला दिलं नाही, तर आयुष्यात कोणी विचारत नाही. माझ्या अख्ख्या नोकरीत मला "याला का नाही दिलं" असा एकही मेमो आला नाही, "याला का दिलं" असे चार आले. त्यामुळे नाव जुळत नाही दिसलं की सगळ्यात सुरक्षित काम म्हणजे परत पाठवणं. बंद करायला एक कागद पुरतो, सुरू करायला अकरा लागतात.

दुसरं, दोन योजनांची खाती वेगवेगळी. गृह आधार महिला आणि बाल विकासवाल्यांकडे, दयानंद समाज कल्याणकडे. हे बंद करणाऱ्याला तिकडे सुरू झालं की नाही हे बघायची गरजच नाही. म्हणूनच ४००० एकाच ठिकाणाहून द्यायचा बदल बरा आहे, बाईला दोन ठिकाणी दोन फायली कराव्या लागत नाहीत. पण बदल करताना मधला पूल कोणी बांधला नाही. नवीन मंजूर होईपर्यंत जुनं चालू ठेवून नंतर वळतं करून घेता आलं असतं, आकडेमोड काही अवघड नाही.

आता कामाचं. अर्ज देताना इनवर्ड नंबर (आवक क्रमांक) आणि तारखेचा शिक्का आपल्या प्रतीवर मारून घ्यायचा, दिल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही. परत पाठवला तर तोंडी नको, त्रुटी लेखी द्या म्हणायचं, आणि सगळ्या त्रुटी एकदमच द्या म्हणायचं, हप्त्याहप्त्यानं नको. आपल्याकडे २०१३ चा वेळेत सेवा देण्याचा कायदा आहे, त्याचं नाव अर्जात एका ओळीत आलं की फाईल जरा सरळ बसते. त्यानंही नाही झालं तर आरटीआय, दहा रुपये, तीस दिवस, प्रश्न एकच: माझा अर्ज अमुक तारखेपासून कोणाच्या टेबलावर किती दिवस होता. मधल्या महिन्यांचं म्हणाल तर पैसे कुठल्या तारखेपासून धरणार हे मंजुरीच्या आधीच लेखी विचारून ठेवा, नंतर विचारलं तर उत्तर येत नाही.

अबोली
कारकून काका तुम्ही हे सगळं सांगताय ते छान आहे पण आमच्या आईला इनवर्ड नंबर म्हणजे काय ते कळणार आहे का? आई ८१ वर्षांची, पेडण्याला एकटी राहते, मी मडगावला नोकरीला. दयानंदचे २००० दर महिन्याला यायचे ते बंद झाले, तिनं दोन महिने सांगितलंच नाही, म्हणाली सरकारकडेच नसतील. हयातीचा दाखला राहून गेला होता.

मग मी रजा टाकून तिला घेऊन गेले तर मशीनवर अंगठाच लागेना. सगळी बोटं लावून बघितली. तिनं चाळीस वर्षं काजू फोडलाय, त्या बियांचं तेल हाताला लागतं त्यानं कातडी जळून सोलते, परत येते, परत सोलते, आता बोटं अशी गुळगुळीत झालीत की पाटा-वरवंट्याचा वरवंटा. समोरचा मुलगा तिला म्हणतो आजी जोरात दाबा. ती दाबते आहे बिचारी, आणि मला म्हणते बाय गे, माझेच हात नाहीत म्हणतात हे.

तांबडी_भाजी
अबोली, रडवलंस. पण अंगठा लागला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. २०१८ च्या आधार निकालाच्या वेळी सरकारनंच सुप्रीम कोर्टात सांगितलंय की बोटं जुळली नाहीत म्हणून कोणाची मदत थांबणार नाही, दुसरी ओळखपत्रं चालतील. बँक मॅनेजरच्या किंवा गॅझेटेड ऑफिसरच्या सहीनं कागदावरचा हयातीचा दाखला घेतात का ते विचार. आणि बुबुळाचं मशीन किंवा चेहऱ्यावरून ओळख हेही आता आहे, पेन्शनवाल्यांच्या जीवन प्रमाणमध्ये चेहऱ्याची सोय २०२१ ला आली. मोतीबिंदू झालेला असेल तर बुबुळ पण कटकट करतं, म्हणून कागद बरा.

अबोली
कागदच चालला शेवटी. मॅनेजर बाई स्वतः उठून बाहेर आली, आईला पाणी दिलं, फोटो बघितला, तोंड बघितलं, सही केली. पाच मिनिटं लागली. त्याच्या आधी तीन फेऱ्या झाल्या होत्या.

मोपापलीकडे
अबोली, तुमच्या आईबद्दल काही म्हणणं नाही माझं. मी म्हाताऱ्यांबद्दल बोलत नव्हतो.

कुळागर
मोपावाले, जरा आकडे बघा मग बोला. केंद्र सरकारची जी वृद्धांची पेन्शन आहे त्यात केंद्राचा वाटा ६० ते ७९ वयाला महिना २०० रुपये, हा आकडा २००७ पासून तोच. ८० च्या वर ५००. विधवांना ३००. २०० रुपयांत आज म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी जाऊन या, पिशवीच्या तळाला काय दिसतं ते सांगा. गोव्यातले २००० त्या मानानं बरेच म्हणायचे, पण मग ते वेळेवर तरी यायला हवेत. नारळ काढायला माणूस बोलावला तर माडामागे काय घेतो ते मला विचारा.

मोपापलीकडे
नारळाचं नका सांगू, मीच माझे खाली पडायची वाट बघतो.

स्विंडनकर
मूळचा डिचोली, आता बरीच वर्षं इंग्लंडला. हे वाचून वाटलं जगभर एकच रोग आहे. इथे युनिव्हर्सल क्रेडिट म्हणून आहे, आधी सहा वेगवेगळ्या मदती होत्या, घरभाड्याची, मुलांची, कमी पगारवाल्यांची वगैरे, त्या सगळ्या एकात घातल्या, कायदा २०१२ चा. कल्पना तुमच्या ४००० सारखीच, दहा दारं नको एकच दार. पण ज्याची जुनी मदत चालू होती त्याला पत्र यायचं, तीन महिन्यांत नवीन अर्ज करा, आपोआप काही होत नसे. पत्र कपाटात राहिलं, इंग्रजी कळलं नाही, की जुनी बंद. आणि अर्ज केला तरी पहिला पैसा यायला पाच आठवडे. मध्ये उसने देतात पण ते पुढच्या पैशांतून कापून घेतात. इथल्या आपल्या लोकांत वेअरहाऊसला काम करणारे पुष्कळ, तास कमीजास्त होतात तसे पैसे दर महिन्याला बदलतात, त्यामुळे कोणाला आपल्याला किती मिळणार ते कधीच कळत नाही.

एक गोष्ट मात्र चांगली बघितली. सरकार पैसे देतं आणि एक सल्ला देणारी संस्था फोनवर किंवा ऑनलाइन (२०२२ च्या आधी समोर बसूनही) पहिला अर्ज भरून देते, पहिला पूर्ण हप्ता हातात येईपर्यंत तो माणूस तुमचा. फुकट. मी माझ्या शेजारणीला घेऊन गेलो होतो, ती गोव्यातल्या सासष्टी तालुक्याची, पोर्तुगीज पासपोर्टवाली, नवरा सोडून गेलेला, तिच्या भाड्याचा प्रश्न होता. समोरच्या बाईनं कॉम्प्युटर उघडायच्या आधी विचारलं, घरात आज जेवायला आहे का? हा प्रश्न मला आमच्याकडे कधी कोणी विचारलेला आठवत नाही.

निवृत्त_कारकून
स्विंडनकर, तो प्रश्न विचारला तर फाईलमध्ये लिहायला कॉलम नाही बाबा.

स्विंडनकर
😄 खरं आहे काका.

कुळागर
आपल्याकडे ते काम स्वयंपूर्ण मित्रानं करायचं ना? २०२० पासून शनिवारी पंचायतीत सरकारी अधिकारी येऊन बसतो. आमच्याकडे चांगला माणूस मिळालाय, आधी खुर्ची उन्हातून सावलीत घेतो मग काम. पण तोही माणसागणिक. नाहीतर मग आमदाराचं ऑफिस, तिथे काम होतं, नाही असं नाही, पण नंतर मंजुरीपत्र घ्यायला स्टेजवर जावं लागतं आणि फोटो निघतो. विधवा बाईला त्या फोटोत उभं राहायला किती जड जातं ते आमच्या काकीला विचारा. हक्काचे पैसे आणि हातात गुलाबाचं फूल.

म्हादईकाठ
अपडेट देतो, वीसेक दिवस गेले मध्ये.

तांबडी_भाजीनं सांगितल्याप्रमाणे अफिडेव्हिट केलं, पाच कागदांवरची सगळी नावं घालून. कारकून काकांची ती एका ओळीची गोष्ट अर्जाच्या शेवटी घातली. मामलेदारांकडून पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला नवीन काढला. आणि वहिनींना एकटं पाठवायचं नाही असं ठरवून मी पण सकाळच्या कदंब बसनं पणजीला गेलो.

वहिनींकडे सगळे कागद एका साडीच्या दुकानाच्या प्लास्टिक पिशवीत. खिडकीवर ती पिशवी उपडी केली तर त्यातून काय काय निघालं, दादाच्या ट्रकच्या हप्त्याच्या जुन्या पावत्या, मुलाचं लसीचं कार्ड, आणि लग्नपत्रिका. हळदीचे डाग असलेली. वहिनींना वाटलेलं ती दाखवली की पटेल. पण पत्रिकेवर पण माहेरचंच नाव ना. खिडकीवरच्या बाईनं विचारलं, सुनीता हे नाव कधी ठेवलं त्याचा काही पुरावा? वहिनी म्हणाल्या, "बाय, ताटात तांदूळ पसरून अंगठीनं लिहिलेलं. ते तांदूळ त्याच दिवशी शिजवले."

खिडकीवरची बाई गप्पच झाली थोडा वेळ. मग हसली. म्हणाली माझं पण तसंच बदललंय, मी पण वन अँड द सेमवरच नोकरीला लागले. तिनं अफिडेव्हिट पूर्ण वाचलं, बोट ठेवून एकेक कागद जुळवला, दोन ठिकाणी सही राहिलेली ती तिथेच करून घेतली. इनवर्ड नंबर मागितल्यावर जरा बघितलं माझ्याकडे, पण दिला.

मधल्या महिन्यांचं लेखी विचारलंय, उत्तर यायचंय. अर्ज या वेळी परत आलेला नाही, तेवढंच सध्या.

अबोली
वाह! बरं वाटलं. चवथीचं काय केलं मग?

म्हादईकाठ
वाड्यानं केलं. कोणी नारळ, कोणी तवशी, माटोळी बांधली मुलानं. फी मात्र भरायची होतीच, ती वहिनींनी मंगळसूत्रातल्या दोन वाट्या मोडून भरली, मला नंतर कळलं. महिन्याचे दीड हजार वेळेत येत राहिले असते तर त्या वाट्या राहिल्या असत्या.

निवृत्त_कारकून
हे उत्तर आलं नाही तर तीस दिवसांनी मला कळवा. अपिलाचा मसुदा मी लिहून देतो. मराठीतून देतो, पाहिजे तर कोकणीतून.

मोपापलीकडे
फी अजून कुठली बाकी असेल तर मला मेसेज करा. इथे लिहू नका पण.

तांबडी_भाजी
बघा, खाली पडायची वाट बघणारे पण कधीकधी स्वतःच झाड हलवतात 😄

म्हादईकाठ
मोपावाले, मेसेज केलाय.

आणखी एक. आमच्या वाड्यावर अशा अजून तीन बायका निघाल्या. दोघींचे पैसे गेल्या वर्षी बंद झालेत, तिसरीनं भीतीनं नवऱ्याचा दाखलाच दिलेला नाही, गृह आधार अजून घेते आहे आणि रात्री झोप नाही. तिचं काय करायचं काका?

निवृत्त_कारकून
तिनं स्वतःहून जायचं, पण हातात नवीन अर्ज पूर्ण तयार ठेवून. दाखला आणि नवीन अर्ज एकाच दिवशी, एकाच तासात दोन्हीकडे द्यायचे. आधी दाखला आणि मग कागद जमवू असं करू नका, तुमच्या वहिनींचं तेच झालं. जास्तीचे आलेले पैसे परत मागतील, तेव्हा एकदम नको, नव्या मदतीतून थोडे थोडे कापा असा अर्ज सोबत जोडायचा. लपवून ठेवलं तर रक्कम दर महिन्याला वाढतेच आहे.

म्हादईकाठ
ठीक. मग या शनिवारी पंचायतीच्या हॉलात आम्ही तिघींचे कागद घेऊन बसतोय. जवळपासचं कोणी असेल तर या.

कुळागर
माझ्या काकीला घेऊन येतो, तिच्या पण नावात घोळ आहे. किती वाजता?

म्हादईकाठ
नवाला. झेरॉक्सचं दुकान दहाला उघडतं आणि साडेदहाला लाईट जाते, तेव्हा प्रती आदल्या दिवशीच काढून आणा. आणि कोणाकडे स्टेपलर असेल तर आणा, माझा वहिनींच्या मुलानं बांधलेल्या माटोळीत गेला.